टेबलामागची जागा

टेप परत उलटी गुंडाळलेली होती.

टेप सावळी गुंडाळायची ती पितळी टोक आत घालून. शिवणकामाच्या चाळीस वर्षांत त्यात कधी बदल झाला नव्हता. तीन दिवसांमागच्या बाजारानंतर आज पहिल्यांदा मशीनचा खण उघडला तर पितळी टोक बाहेर, आणि गुंडाळी कुणीतरी घाईत खुपसल्यासारखी सैल. गेल्या तीन महिन्यांत हे तिसऱ्यांदा. दर वेळी ती बाजारात शिवलेले कपडे पोचवायला गेली, की परत आल्यावर.

पहिल्या वेळी तिला वाटलं, मनालीनं खेळायला घेतली असेल. भाच्याची साडेतीन वर्षांची पोर, हाताला लागेल ते ओढणारच. दुसऱ्या वेळी तिनं भावजयीला विचारलंही. चिमाबाई म्हणाली, उंदरानं ओढली असेल, आणि पीठ नसलेली परात उगाच पुसत बसली. या तिसऱ्या वेळी सावळीनं कुणालाच विचारलं नाही. कारण आज, रविवारी, सकाळीच मुरबाडहून भाची वत्सला आणि तिचा नवरा पंढरी जीप घेऊन दारात उतरले होते. सण नाही, कार्य नाही, फोनसुद्धा केलेला नाही. आणि रविवारी नऊशिवाय न उठणारा भाचा अनिकेत दाढी करून, पँट चढवून बसला होता.

घरात काहीतरी होतं, आणि ते तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

वत्सलेनं दारातूनच जयभीम घातला, पण नेहमीसारखी येऊन टेबलाला टेकली नाही. एरवी ही भाची माहेरी आली की आधी आत्याच्या टेबलावरची चिंधी न् चिंधी उलटीपालटी करायची. आज सरळ आत गेली. मागोमाग चिमाबाई गेली, अनिकेत गेला. पंढरी तेवढा दोन मिनिटं रेंगाळला, पावसापाण्याचं बोलला आणि मग त्यालाही आतून हाक आली.

सावळी पडवीतल्या आपल्या जागेवर उभी राहिली. पाठीमागं घराची भिंत, पुढ्यात कापायचं टेबल, टेबलापलीकडं रस्ता. घराच्या दाराच्या उजव्या अंगाला, पडवीच्या टोकाशी ही दोन हातांची जागा. बाकीच्या पडवीत भाताची पोती, अनिकेतची मोटारसायकल, जळणाची मोळी. या जागेत मात्र कुणी पाय ठेवत नसे. तिथं उभं राहून तिनं अख्ख्या गावाची झंपरं, परकर, शाळेच्या चड्ड्या आणि दोन सरपंचांचे लेंगे कापले होते. दुसरीकडं कुठं अर्धा तास उभी राहिली तर तिची कंबर धरायची. इथं दिवस गेला तरी धरत नसे. सवयीचा गुण, असं ती समजून होती.

तिचा उजवा पाय आखूड होता. दोन वर्षांची असताना ताप आला आणि जाताना पायातला जोर घेऊन गेला. किती आखूड, तेही तिला ठाऊक होतं. शिवण शिकायला लागली तेव्हा आठवड्याभरात तिनं पहिलं माप स्वतःचंच घेतलं होतं. सव्वा इंच.

आत आवाज चढले, मग एकदम खाली आले. मग चिमाबाई बाहेर आली आणि म्हणाली, ते सापगाववालीचं झंपर झालंय ना, तर देऊन ये की गो, पंढरी सोडील जीपनं.

"ती बुधवारी नेणार हाय," सावळी म्हणाली.

चिमाबाई उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि आत गेली. सावळीनं कापडावर खडूची रेघ ओढायला घेतली. साठीला टेकलेल्या बाईला आपल्याच घरात कुठं पाठवावं हे बाकीच्यांना सुचू नये, याचं तिला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

तेवढ्यात रविना बाहेर आली. अनिकेतची बायको. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, पण सासरच्या माणसांपुढं मोठ्यानं बोललेली कुणी ऐकली नव्हती. तिच्या कडेवर मनाली होती आणि हातात शाळेची एक वही. तिनं पोरीला टेबलापाशी उतरवलं.

"आत्या, मला नको म्हणालेत सांगू. पण मी सांगते. ते हिला हाडवैद्याकडं न्यायला निघालेत. आज. पाय बांधायला."

खडू सावळीच्या हातातच राहिला.

रविना उभ्या उभ्या सांगत गेली. मनालीचे गुडघे चालताना एकमेकांना घासतात आणि घोटे लांब राहतात, हे चार महिन्यांमागं तिच्या लक्षात आलं. ती तिला शहापूरला मुलांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं पोरीला चालवलं, आडवं केलं, मोजलं आणि सांगितलं की या वयात पाय असेच दिसतात, सात वर्षांची होईपर्यंत आपोआप सरळ येतात. फक्त घरी महिन्याला मोजत जा. गुडघे टेकवले की दोन घोट्यांत किती अंतर राहतं ते, आणि दोन्ही पायांची लांबी. अंतर हळूहळू कमी व्हायला पाहिजे. आणि लांबीत फरक पडला, तर मात्र थांबू नका, लगेच या.

"आणि फरक पडला," सावळी म्हणाली.

"तिन्ही वेळेला. डावा आखूड. अर्धा इंच."

मनाली टेबलाच्या पायाला धरून गोल फिरत होती. सावळीनं तिच्याकडं बघितलं नाही. बघवेना.

आता सगळेच बाहेर आले. सून सांगून मोकळी झाली म्हटल्यावर आत कुजबुजण्यात अर्थ उरला नव्हता. वत्सला पुढं झाली. ती मनानं वाईट नव्हती. लहानपणी शाळेत पोरं आत्याच्या चालीची नक्कल करायची, तेव्हा दोघातिघांना तिनं दगड मारलेले होते. तीच आता घाबरून तावातावानं बोलत होती. मुरबाडच्या पुढं एक हाडवैद्य आहे, पायाला पाला लावतो, कामट्या लावून बांधतो, चाळीस दिवसांत पाय ओढून सारखा करतो, पंढरीच्या मावशीच्या नातवाचा केला. दवाखान्यात नेलं तर मुंबईला पाठवतील, लोखंड घालतील, आणि पोर जन्माची...

तिथं ती थांबली. पुढचा शब्द सगळ्यांना माहीत होता. पडवीतल्या प्रत्येकानं कुठंतरी दुसरीकडं बघितलं. अनिकेतनं जीपकडं, पंढरीनं छपराकडं, चिमाबाईनं जमिनीकडं.

"लंगडी," सावळी म्हणाली. "बोल की. मला काय नवीन हाय?"

अनिकेत म्हणाला, आत्या, तसं नाय. तो आसनगावच्या गोदामात हिशेबनीस होता, आकड्यांवर त्याचा विश्वास होता, आणि तीन महिन्यांचे तीन आकडे एकच सांगत होते. रविना म्हणत होती, आजच्या आज दवाखान्यात चला, रविवार असला तरी मोठ्या दवाखान्यात कुणीतरी असतंच. नवराबायकोचं यावरून तीन दिवस बोलणं बंद होतं. चिमाबाई सकाळी लेकीच्या बाजूनं होती, चहानंतर सुनेच्या, आता कुणाच्याच नव्हती.

एक बाळाराम तेवढा पायरीवर पाठमोरा बसून होता. सावळीचा थोरला भाऊ, चिमाबाईचा नवरा. जन्मभर गवंडीकाम केलेला, शहापूरपासून किन्हवलीपर्यंत अर्ध्या घरांच्या भिंती त्याच्या हाताखालून गेलेल्या. बोलणं त्याला कधी जमलं नाही. आताही तो तळहातावर तंबाखू घेऊन बसला होता, आणि ती मळायची विसरला होता.

सावळीनं लुगड्याचा घोळ उजव्या पायावरून वर घेतला. गुडघ्याच्या खाली, दोन्ही अंगांना, कातडी आवळून पांढरी पडलेली होती.

"हे कशाचं हाय, ठाऊक हाय तुला?" तिनं वत्सलेला विचारलं.

वत्सला म्हणाली, तापाचं.

"तापाचं नाय. कामट्यांचं. त्याच गावचा हाडवैद्य, ह्याचा आजा असंल. सहा वर्षांची असताना मला चाळीस दिस बांधून ठेवलेली. रडून रडून घसा गेला माझा, तरी आई सोडीना. तिला वाटायचं, सोडलं तर पाय तसाच राहील. सोडलं तेव्हा मास दिसत होतं. पाय व्हता तेवढाच व्हता."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईला बोल लागू नये म्हणून. बाळारामनं मान वळवली नाही, पण तंबाखू हातातून खाली गेली.

वत्सला म्हणाली, मग करायचं काय? पाय तर आखूड आहेच ना.

सावळीनं वही मागितली. रविनाच्या सुबक अक्षरात तारखा, डावा, उजवा. आकडा बघितला की तो घेतला कसा, हे विचारल्याशिवाय तिला राहवायचं नाही. गिऱ्हाइकानं घरून मोजून आणलेल्या मापावर तिनं आजवर कात्री चालवली नव्हती.

"मोजलं कोणी?"

चिमाबाईनं मोजलं होतं. डॉक्टरनं सांगितलेलं पोरीला निजवून, कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप धरायची. पण मनाली निजेना. टेप लागली की गुदगुल्या होऊन लोळायची. मग चिमाबाईनं सोपी युक्ती काढली. पोरीला भिंतीला पाठ लावून उभी केली, दोन्ही बाजूंना कमरेचं हाड लागलं तिथं भिंतीवर नवऱ्याच्या पेन्सिलीनं खूण केली, आणि भिंतीवरच्या रंगीत पट्ट्यापासून दोन्ही खुणा किती खाली आहेत ते टेपनं मोजलं. पट्टा बाळारामनं मारलेला, म्हणजे सुतभरही इकडंतिकडं नाही. डावी खूण दर वेळी अर्धा इंच खाली यायची.

"आणि बाजाराच्या दिवशीच का?"

चिमाबाई तोंड फिरवून म्हणाली, "तुझ्यासमोर कसं मोजायचं गो? तुला लागलं असतं."

सावळीनं विचारलं, कुठली भिंत?

चिमाबाईनं सावळीच्या पाठीमागं बोट दाखवलं. सगळ्या घरात तेवढीच भिंत मोकळी होती. शिवाय टेबलाच्या आड, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं नाही.

सावळी वळली. तिच्या मांडीच्या उंचीला पेन्सिलीच्या बारीक खुणांच्या तीन जोड्या होत्या. तीन महिने ती त्यांना पाठ लावून उभी होती. तिनं वाकून बोट फिरवलं. खरंच होतं. डाव्या पायाची प्रत्येक खूण खाली. सरळ होताना तिचा कोपर टेबलाला लागला आणि दोऱ्याचं रीळ खाली पडलं.

रीळ पडलं, आणि नेहमीसारखं भिंतीच्या कडेकडेनं दाराकडं घरंगळत निघालं. मनाली आधीच उंबऱ्यात जाऊन ओंजळ धरून बसली होती. हा दोघींचा रोजचा खेळ. आजीच्या हातून रीळ सुटायचं, नातीनं उंबऱ्यात ते पकडायचं. पोर कधी टेबलाखाली शोधत नसे. रीळ कुठं येणार हे तिला पक्कं माहीत होतं.

सावळी त्या रिळाकडं बघत राहिली. मग तिनं आपल्या पायांकडं बघितलं.

"मनाले, हिकडं ये. भिंतीला पाठ लाव. शाणी गो माझी. वहिनी, कर खुणा."

चिमाबाईनं खुणा केल्या. डावी खाली.

"आता भिंतीकडं तोंड कर. हां. पोट टेकव भिंतीला. कर आता."

चिमाबाईनं वाकून हाड चाचपलं, खूण केली, दुसऱ्या अंगाला केली आणि तशीच वाकून राहिली. अनिकेत पुढं आला. त्यानं टेप घेतली, पट्ट्यापासून एक माप घेतलं, दुसरं घेतलं, परत पहिलं घेतलं.

"उजवा आखूड," तो म्हणाला. "अर्धा इंच. आई, आता उजवा आखूड झाला."

"पाय नाय रे आखूड," सावळी म्हणाली. "जमीन दाराकडं खाली हाय."

पंढरीला सगळ्यांच्या आधी कळलं आणि तो हसायला लागला. मग अनिकेतला कळलं. चिमाबाईला दोनदा सांगावं लागलं, तेव्हा तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. रविना मात्र हसली नाही. ती म्हणाली, आत्या, तुमी मोजा. डॉक्टरनं सांगितलं तसं.

सावळीनं टेबलावरचं कापड गोळा केलं आणि मनालीला टेबलावर उताणी निजवली. पोरीच्या दोन्ही मुठींत खडूचे दोन रंगीत तुकडे दिले आणि सांगितलं, हे आवळून धर, सुटले की दुसरे मिळणार नाहीत. बस्त्याच्या गडबडीत आयांनी आणलेली कितीतरी चुळबुळी पोरं तिनं अशीच गप्प केली होती. मनालीनं श्वाससुद्धा रोखून धरला. सावळीनं कमरेचं हाड बोटानं शोधलं, पितळी टोक टेकवलं, टेप सेंटिमीटरच्या बाजूनं सरळ घोट्यापर्यंत नेली.

"साडेशेचाळीस."

मग दुसरा पाय. रविना पेन्सिल धरून उभी होती आणि पेन्सिल वहीवर टेकलेली होती.

"साडेशेचाळीस."

"परत," रविना म्हणाली.

सावळीनं तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तेच. मग गुडघे हलकेच एकमेकांना टेकवून घोट्यांमधलं अंतर घेतलं. पाच सेंटिमीटर. डॉक्टरनं मोजलं तेव्हा सहा होतं. ते कमी झालेलं होतं, आणि उभ्या मापाच्या धास्तीत कुणी त्याच्याकडं नीट बघितलं नव्हतं.

रविनानं आकडे लिहिले. तारीख लिहिली. वही मिटली आणि टेबलाखालच्या पाटावर खाली बसली. मग तिनं विचारलं, सकाळचे पोहे उरलेत का. तीन दिवसांत तिनं पोटभर खाल्लं नव्हतं हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. चिमाबाई आत धावली. अनिकेत गार पोह्यांची बशी स्वतः घेऊन आला आणि बायकोच्या शेजारी जमिनीवर बसला. दोघं बोलली नाहीत, पण एकाच बशीत खायला लागली.

वत्सलेनं हाडवैद्याला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलणं चाललं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, पोरीचा पाय बरा आहे हो, आमचंच माप चुकलं. मग येऊन टेबलाला टेकली आणि सावळीच्या चिंध्या उलटीपालटी करायला लागली.

"आत्या, तुमच्यासमोर मोजलं असतं तर पहिल्याच दिवशी मिटलं असतं."

"तर काय," सावळी म्हणाली. "मला जपायला गेलात, आणि पोरीला बांधून आणली असतीत."

चिमाबाईनं दारातूनच ऐकलं. तिनं सावळीच्या हातात चहाचा पेला दिला. एरवी ती कपबशी द्यायची. पेला म्हणजे भरपूर, आणि दुधाचा.

उद्या सोमवारी तरीही दवाखान्यात जाऊन वही दाखवून यायची, हे रविनानंच ठरवलं, आणि या वेळी कुणी वाद घातला नाही. सावळी बरोबर येणार होती.

आता सगळ्यांना मस्करी सुचली होती. पंढरीनं घराचं मोजमाप करायचा हट्ट धरला. तो माळ्यावर चढला आणि सासऱ्याची गवंडीकामाची नळी घेऊन उतरला. पारदर्शक, लांबलचक, पाणी भरलं की दोन टोकांना एकच पातळी दाखवणारी. एक टोक अनिकेतकडं, एक स्वतःकडं. बाळाराम पायरीवरून म्हणाला, राहू द्या रे, कशाला. पण कोण ऐकतो. सबंध पडवीचा ढाळ बाहेर अंगणाकडं होता, जसा असायला पाहिजे तसा. फक्त टेबलामागच्या दोन हातांच्या जागेचा नव्हता. तिथं सिमेंटचा कोबा उजवीकडून डावीकडं उतरत थेट दाराकडं गेला होता. फुटामागं सव्वा इंच.

"मामा," पंढरी म्हणाला, "पाणी उंबऱ्यात आणून सोडायचा इचार व्हता काय?"

सगळे हसले. बाळारामच्या हातची चूक म्हणजे तालुक्यात बातमी. त्यानं बांधलेल्या भिंतीला लोक ओळंबा लावून बघत नसत.

"चुकला असंल," बाळाराम म्हणाला आणि खाली पडलेली तंबाखू वेचायला लागला.

सावळी हसली नाही. सव्वा इंच हा आकडा तिच्या कानात राहिला होता. या घरात तो आकडा तिच्याशिवाय फक्त एकाला ठाऊक होता. शिवण शिकताना तिनं स्वतःचं माप घेतलं, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला तिनं दादालाच बोलावलं होतं.

तिला कोबा घातला तो दिवस आठवला. वीस वर्षं तरी झाली असतील. सगळी माणसं शेतावर होती. दादानं तिला टेबलामागं उभं केलं होतं. टेबलाची उंची बघायची आहे, हलू नको, असं म्हणाला होता. मग तिच्या उजव्या पायाखाली एक फळी सारली, काढली, दुसरी सारली. बरं वाटतं का, असं विचारलं. ती म्हणाली, बरं वाटतं. तो बरं म्हणाला आणि घमेलं उचलून कामाला लागला. टेबलाची उंची त्यानं मोजलीच नव्हती. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

तिनं पायरीकडं बघितलं. बाळारामची पाठ तशीच होती, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या होत्या.

"उद्या फोडून सारखा करतो," तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "पोर मोठी व्हत्येय. परत कुणी फसायचं."

"नको, दादा," सावळी म्हणाली. "तिला आतल्या खोलीत मोजू."

त्यानं मान हलवली. बाकीच्यांपैकी कुणी लक्ष दिलं नाही. नळीतलं पाणी मनालीच्या डोक्यावर सांडलं होतं आणि सगळे तिच्यामागं धावत होते.

सावळीनं टेप उचलली, पितळी टोक आत घालून गुंडाळली. पण खणात ठेवली नाही. भिंतीवर, कुणाचाही हात पोचेल अशा खिळ्याला अडकवली. मग टेबलामागं आपल्या जागेवर उभी राहिली. उजवा पाय वर, डावा खाली, कंबर सरळ. सापगाववालीच्या झंपराला अजून हूक लावायचे होते.